हायब्रिड इनोव्हाच्या दाराची काच बदलताना: दोन बोल्ट आणि दोन तास

दाराची काच दोन बोल्टांवर उभी असते. टोयोटाच्या बहुतेक दारांत काचेच्या खालच्या कडेला दोन भोकं असतात, त्यांत दहा नंबरच्या पान्याचे दोन बोल्ट, आणि हे बोल्ट काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या पट्टीत बसतात. बस, एवढंच. हे बोल्ट काढून लावायला दहा मिनिटं पुरतात. तरीही सरावलेल्या हाताला एका दाराला दीड-दोन तास लागतात आणि पहिल्यांदाच करणाऱ्याची अख्खी सकाळ जाते. हा वेळ काचेवर जात नाही. तो जातो फुटक्या काचेचा चुरा काढण्यात आणि दाराच्या आतली प्लास्टिकची शीट परत नीट चिकटवण्यात. नव्या काचेवर उभे ओरखडे, दार लावताना खुळखुळ, पहिल्या पावसात पायाशी ओलं कार्पेट, या तक्रारी घेऊन गाडी परत येते तेव्हा बहुतेक वेळा या दोन कामांतच घाई झालेली असते.

उदाहरणासाठी इनोव्हा हायक्रॉस घेऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती भारतात दाखवली गेली. १९८७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि सोबत विजेची मोटर अशी तिची हायब्रिड जोडी. मारुतीची इन्विक्टो ही तिचीच सख्खी बहीण, जुलै २०२३ मध्ये आलेली. या गाडीच्या दारात हायब्रिड असं काही नसतं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरी दारात येतच नाहीत, दारातलं सगळं १२ व्होल्टवर चालतं. पण गाडी हायब्रिड असल्यामुळे काम करायची रीत दोन-तीन ठिकाणी बदलते.

अशी एकदम का फुटते?

पुढची मोठी काच दोन थरांची, म्हणजे लॅमिनेटेड असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. दगड बसला की तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचा मारा करतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर, आणि आतला आकसताना बाहेरच्याला ओढून धरतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. पृष्ठभागावर मारलेला बुक्का ती सहज पचवते. पण टोकदार वस्तूनं तो दाबाचा थर भेदला, की साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो आणि काचेचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. टफन्ड काचेचा तडा भरून निघत नाही, ती बदलावीच लागते. ती नंतर कापता किंवा घासून बसवता येत नाही, म्हणून अगदी त्याच दाराची काच हवी. आणि तिची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कडा. नवी काच सिमेंटच्या फरशीवर कोपऱ्यावर उभी केली आणि कडेचा एक टवका उडाला, तर ती तिथेच फुटेल किंवा आठवड्यानं दार आपटल्यावर फुटेल, आणि तेव्हा दोष मात्र काचेला लागेल. जमिनीवर पुठ्ठा किंवा जुनी गोधडी अंथरून काच त्यावर आडवी ठेवावी.

काच विकत घेताना

दुकानात नुसतं ‘हायक्रॉसची पुढची काच’ म्हणू नका. चासी नंबर देऊन त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत काचेची हिरवट छटा आणि जाडी वेगळी असू शकते. आवाज अडवणारी दोन थरांची काच काही गाड्यांच्या पुढच्या दारांतही देतात. फुटलेल्या काचेचा कोपरा मिळाला तर जपून ठेवा, कारण सगळी माहिती त्या कोपऱ्यावरच्या शिक्क्यात असते: बनवणाऱ्याचं नाव, टफन्ड की लॅमिनेटेड, आयएसआयचं चिन्ह आणि भारतीय मानक २५५३ खालचा परवाना क्रमांक. पुण्याजवळ भोसरी-चाकणला गाड्यांच्या काचा बनवणारे सेंट गोबेन सेक्युरिटचे कारखाने आहेत, त्यामुळे हा शिक्का आपल्याकडे नेहमी दिसणाराच. शिक्काच नसलेली काच स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती फुटताना दाण्यांत फुटेल की सुऱ्यांत, याची हमी त्या शिक्क्यातच असते.

छटेचाही नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. मूळ काचेत हे आधीच बसवलेलं असतं. नवी काच लागताच तिच्यावर काळी फिल्म चढवायचा मोह होतो, पण काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बडगा उगारला आहे.

विम्याचा हिशोबही आधीच मांडावा. गाडीच्या प्लास्टिक-रबराच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते, काचेवर मात्र घसारा शून्य असतो. म्हणजे साध्या पॉलिसीतही काचेचे पूर्ण पैसे मिळतात. वजा होतो तो सक्तीचा स्वतःचा वाटा, आणि १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला तो २,००० रुपये आहे. खरा खर्च दिसत नाही तो नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. समजा स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता २०,००० आहे आणि बोनस ५० टक्के. एका काचेसाठी क्लेम केला की पुढच्या वर्षी १०,००० ची सूट गेली. बोनस जपणारी जोड घेतली नसेल तर एकट्या दाराच्या काचेसाठी क्लेम करणं बऱ्याचदा आतबट्ट्याचंच ठरतं. काच फोडून आतलं काही चोरलं असेल तर पोलिसांत तक्रार द्यावीच. मात्र चोरीला गेलेला लॅपटॉप गाडीच्या विम्यात येत नाही.

काम होईपर्यंत

काच फुटली की पहिली चूक स्विचची होते. उरलेला तुकडा खाली करावा म्हणून बटण दाबलं जातं, तुकडे मशीनच्या वायरदोरीत अडकतात आणि काचेबरोबर मशीनही घ्यावं लागतं. बटणाला हात लावू नये. चौकटीत लटकलेले तुकडे चामडी हातमोजे घालून बाहेरच्या बाजूला ओढून काढावेत. जाड पारदर्शक प्लास्टिक दाराच्या वरच्या चौकटीवरून आत घेऊन दार लावलं तर ते चौकटीतच दाबून बसतं. रंगावर चिकटपट्टी लावावीच लागली तर दोन दिवसांत काढावी. उन्हात तापलेल्या पट्टीचा डिंक निघता निघत नाही.

हायब्रिडचा पहिला वेगळा मुद्दा इथे येतो. मोठ्या बॅटरीला गार ठेवणारी हवा केबिनमधूनच ओढली जाते आणि तिची जाळी सीटजवळ असते. फुटलेली काच सगळ्यात जास्त सांडते ती सीटवर आणि सीटच्या खोबणीतच. म्हणून गाडी हलवण्याआधी त्या जाळीभोवतीचा चुरा व्हॅक्यूमनं ओढून घ्यावा, हातानं झटकून जाळीकडे लोटू नये. आच्छादनाचं प्लास्टिक किंवा सीटवर टाकलेली चादर त्या जाळीवर येणार नाही एवढंही बघावं.

गाडी खरंच बंद आहे का?

साध्या गाडीचं इंजिन चालू असेल तर कानाला कळतं. हायब्रिड ‘रेडी’ दाखवत गुपचूप उभी असते आणि मनाला येईल तेव्हा इंजिन सुरू करते. म्हणून पॉवर बटण बंद करून रेडीचा दिवा विझल्याची खात्री करावी आणि स्मार्ट चावी गाडीपासून किमान पाच मीटर लांब ठेवावी. खिशात ठेवून काम करू नये.

त्यानंतर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायचं, पण आत्ता नाही. काच पूर्ण फुटलेली असली तर मशीनची पट्टी दाराच्या आत कुठेतरी खाली असते. बोल्ट हाती लागायला ती दारातल्या मोठ्या भोकांसमोर आणावी लागते आणि त्यासाठी वीज लागते. म्हणून आधी दाराचं पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, काढायचं, स्विच तात्पुरता जोडून पट्टी हळूहळू भोकासमोर आणायची, गाडी पुन्हा बंद करायची आणि मग टोक काढायचं. पट्टी हलताना हात दारात नको; दारातलं बोट ती मोटर ओळखेलच असं नाही.

टोक काढल्यावर किमान ९० सेकंद थांबावं. एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठून राहते. अनेक हायब्रिड गाड्यांत ही छोटी बॅटरी बॉनेटखाली नसते, मागे असते. तशी असेल तर टोक काढल्यावर डिकी लावून घेऊ नका, कारण तिचं कुलूप त्याच बॅटरीवर उघडतं.

पॅड उतरवताना

आतल्या हँडलच्या वाटीत एका छोट्या झाकणामागे एक स्क्रू असतो, हात धरायच्या खाचेत दुसरा. स्विचची पट्टी प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं उचकटायची. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर कडेला कायमचा दात उमटतो. मग खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक क्लिप ओढायची. सगळ्या सुटल्या की पॅड स्वतःकडे ओढायचं नाही, सरळ वर उचलायचं, कारण वरची कड काचेच्या आतल्या पट्टीवर अडकवलेली असते. उचललं तरी लगेच लांब नेऊ नका. मागे स्विचची वायर आणि हँडलच्या दोन केबली जोडलेल्या असतात. दोन-तीन क्लिपा तुटतातच, म्हणून पाच-सहा आधीच आणून ठेवाव्यात. क्लिप तुटून तिचं डोकं दारात पडलं तर शोधून काढायचं, नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर ते वाजेल.

पॅडमागे दिसते ती शीट. काळ्या चिकट ब्युटिलनं ती पत्र्याला चिकटवलेली असते. ती फाडून काढणारे भरपूर भेटतात. नीट पद्धत अशी: हेअर ड्रायरनं कड थोडी कोमट करायची, एक कोपरा सोडवायचा आणि शीट पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढायची. ब्युटिल पत्र्यावरून तारेसारखं लांबत जातं. ते तुटेपर्यंत थांबायचं, हातानं खरवडायचं नाही. हात लागला की त्यावर तेल आणि धूळ बसते आणि ते पुन्हा पकडत नाही. शीट ओल्या-धुळीच्या फरशीवर न टाकता चिकट बाजू वर करून ठेवायची.

चुरा

इथे वेळ घालवा. काचेचे दाणे चार ठिकाणी जातात. दाराच्या तळात, हे सगळ्यांना दिसतं. काचेला बाहेरून टेकणाऱ्या पट्टीच्या मखमली ओठात, हे निम्म्यांना दिसतं. उभ्या रबरी खाचेत, म्हणजे काच ज्यातून सरकते त्या रुळात, हे थोड्यांनाच दिसतं. आणि मशीनच्या ग्रीसमध्ये, हे जवळजवळ कुणालाच दिसत नाही.

तळातला चुरा व्हॅक्यूमच्या बारीक नळीनं ओढून घ्या आणि दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बारीक तारेनं मोकळी करा. रबरी खाच मात्र बोटांनी थोडी उघडून टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघावी लागते. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. तिरपा टाकला की तळाशी साखरेसारखे कण चमकतात. मऊ ब्रशनं ते वरून खाली आणायचे, व्हॅक्यूम करायचा आणि पुन्हा बघायचं. असा एक कण जरी राहिला तरी नवी काच पहिल्याच दिवशी वर जाताना तिच्यावर सरळ उभी रेघ मारतो. टफन्ड काचेवरची खोल रेघ घासून काढायला गेलं तर तिथे नजर हेलकावते, म्हणजे पुन्हा नवी काच. रबराला कट गेला असेल किंवा ते कडक झालं असेल तर ते आत्ताच बदलावं, नंतर हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. मशीनच्या रुळावरचं चुरामिश्रित ग्रीस पुसून नवं पांढरं लिथियम ग्रीस लावावं, पण ते रबराला लागू देऊ नये. रबराला सिलिकॉनचा फवारा.

काच आत सोडताना

काचेला टेकणारी बाहेरची पट्टी काढली तर जागा मिळते. ती मागच्या टोकाकडून थोडी थोडी वर उचलावी. मध्येच ओढली की वाकते आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. काच पुढच्या बाजूनं खाली झुकवून दाराच्या फटीतून आत सोडायची, मग सरळ करून दोन्ही कडा रबरी खाचेत आल्या की हळूच मशीनच्या पट्टीवर टेकवायची. दोन माणसं असावीत, एक वरून काच धरणारा, एक आत बोल्ट लावणारा. काच जुनीच असून फक्त मशीन बदलायचं असेल तर ती वर ओढून कापडी टेपनं चौकटीला बांधून ठेवतात.

दोन्ही बोल्ट आधी नुसते पकडवायचे, काच हलवून खाचेत सरळ बसवायची आणि मग आळीपाळीनं घट्ट करायचे. सहा ते आठ न्यूटन-मीटर म्हणजे छोट्या पान्यावर नुसत्या मनगटाचा जोर. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर काच तिरकी राहते, वर जाताना करकरते आणि शेवटच्या बोटभर अंतरात अडखळते. जास्त जोर लावला तर भोकाशीच तडकते. त्या भोकातली प्लास्टिकची बुशी विसरली तरी तेच होतं, कारण मग धातू थेट काचेला भिडतो.

मागच्या दारात बऱ्याच गाड्यांना मोठ्या काचेशेजारी छोटी पक्की काच आणि मध्ये उभी पट्टी असते. तशी असेल तर आधी ती पट्टी सोडवावी लागते. मागच्या दाराला ओढायचा पडदा असेल तर पॅड उचलण्याआधी तो पूर्ण आत गुंडाळून घ्यावा.

शीट परत, आणि का

पाऊस पडतो तेव्हा काचेवरून ओघळलेलं पाणी दारात जातंच, पट्टी कितीही चांगली असो. दार तसंच बनवलेलं असतं: पाणी आत येतं, तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पाणी केबिनमध्ये येऊ न देण्याचं काम फक्त त्या शीटचं. ती एका जागी जरी सुटली तरी पाणी पॅडच्या मागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली जातं. कोकणात किंवा मुंबईत जुलैत हे दोन दिवसांत कळतं, सोलापूरला कदाचित वर्षभर कळणार नाही. कार्पेटखाली वायरींचे जोड असतात, म्हणून हा नुसत्या कुबट वासाचा प्रश्न नाही.

शीटचं दुसरं काम फारसं कुणाला माहीत नसतं. अनेक नव्या गाड्यांच्या पुढच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूनं धडक बसून दाराचा पत्रा आत आला की दारातल्या पोकळीतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. शीट फाटलेली असेल तर तो दाब फटीतून निसटतो. म्हणून फाटलेली शीट टेपनं जोडायची नाही, नवी लावायची. जुनं ब्युटिल कोरडं पडलं असेल तर नव्या ब्युटिल दोरीचा अखंड वळसा द्यायचा, आणि शीटची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाणी ज्या बाजूला वाहतं तिकडे खोचायची. सेन्सरची वायर काढली असेल तर ती जोडल्याशिवाय गाडी चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो पुसायला स्कॅनर लागतो.

पॅड लावण्याआधी बॅटरीचं टोक आणि स्विच जोडून काच चारदा वर-खाली करून बघा आणि बाहेरून नळीनं पाणी सोडा. तळाच्या भोकांतून पाणी टपकलं पाहिजे, शीटच्या कडेला थेंबही दिसता कामा नये.

स्विचला पुन्हा शिकवणं

बॅटरी काढल्यामुळे काच कुठे संपते हे मोटर विसरते. एका दाबात वर जाणं बंद पडतं किंवा काच वर जाऊन आपोआप खाली येते. मध्ये हात आला असं तिला वाटतं. टोयोटाची पद्धत अशी: पॉवर चालू करून त्याच दाराच्या स्विचनं काच पूर्ण वर न्यावी. स्विच क्षणभर सोडून पुन्हा वर ओढून सहा सेकंद धरावा. मग खाली दाबून काच पूर्ण उघडावी आणि आणखी एक सेकंद दाबून ठेवावं. सोडून पुन्हा खाली चार सेकंद दाबावं. शेवटी वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावर आणखी एक सेकंद धरावं. मध्ये हात सुटला तर पहिल्यापासून. एवढं करूनही काच परत खाली येत असेल तर स्विचला दोष देऊ नका. रबर कोरडं आहे किंवा काच तिरकी बसली आहे.

सरकतं दार असेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांसमोर उभी असते ती टोयोटा सिएना किंवा क्रायस्लर पॅसिफिका, आपल्याकडे क्वचित वेलफायर. सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिडच येते. तिच्या पुढच्या दारांना वरचं सगळं लागू आहे. मागचं दार विजेवर सरकतं, म्हणून काम करण्याआधी त्या दाराची वीज मुख्य स्विचवरून बंद करावी. हँडलला चुकून हात लागून दार सरकलं तर आत घातलेला हात सापडतो. त्या दाराला जाणाऱ्या वायरी लवचिक साखळीतून येतात. पॅड लटकत ठेवून त्यांच्यावर ताण देऊ नये.

तिसऱ्या रांगेशेजारची पक्की काच हा मात्र वेगळाच प्रकार. ती बोल्टावर नसते, युरेथेन या डिंकानं चिकटवलेली असते. जुना डिंक तारेनं कापायचा, पत्र्यावर त्याचा पातळ थर ठेवायचा, जिथे रंग उडाला असेल तिथे प्रायमर लावायचा आणि नव्या युरेथेनची अखंड धार सोडून काच दाबून बसवायची. हे काम काचवाल्यालाच द्यावं. युरेथेन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं; थंड, कोरड्या हवेत त्याला बराच जास्त वेळ लागतो. तोवर दारं आपटून लावू नयेत, कारण सगळ्या काचा बंद असताना दार लावलं की केबिनमधल्या हवेचा धक्का त्या ओल्या डिंकालाच बसतो. एक काच दोन बोटं खाली ठेवायची.